पद्मिनी घाटात का तापत होती

आमची १९८८ सालची प्रीमिअर पद्मिनी सलग दोन उन्हाळे खंबाटकी घाटात तापत राहिली. पुण्याहून वाईला गावी जाताना शिरवळ आणि खंडाळा मागे पडेपर्यंत सारे ठीक असायचे. पण चढण सुरू होऊन दुसरा गिअर पडला की तापमानाचा काटा हलू लागायचा आणि अर्ध्या घाटात तो लाल पट्ट्याला टेकायचा. मग वळणाच्या कडेला गाडी लावून बोनेट उघडायचे आणि अर्धा तास थांबायचे, हा क्रम ठरूनच गेला होता. या दोन वर्षांत मी थर्मोस्टॅट (पाणी पुरेसे तापल्यावरच रेडिएटरकडची वाट उघडणारी झडप) बदलला, रेडिएटर उघडून साफ करून घेतला, नवे होज (पाण्याच्या रबरी नळ्या) बसवले, वॉटर पंप तपासला आणि हेड, म्हणजे सिलिंडरांवरचे झाकण, उतरवण्याच्या अगदी जवळ येऊन पोहोचलो. खरे कारण शेवटी अशा ठिकाणी सापडले, जिथे पाण्याचा एक थेंबही जात नाही. ज्यांच्याकडे जुनी, कार्ब्युरेटरची (हवा आणि पेट्रोल यांत्रिकपणे मिसळणारी) गाडी आहे त्यांना उपयोग व्हावा म्हणून ही तपासणी मी ज्या क्रमाने केली आणि खरे तर ज्या क्रमाने करायला हवी होती, ते दोन्ही सविस्तर लिहून ठेवत आहे.

प्रथम उष्णतेचा हिशेब समजून घ्यावा लागतो, कारण तो न समजता केलेली प्रत्येक दुरुस्ती हा अंदाज ठरतो. इंजिनात जळणाऱ्या पेट्रोलमधल्या ऊर्जेपैकी ढोबळमानाने एक तृतीयांश चाकांकडे जाण्याजोगे काम करते, एक तृतीयांश सायलेन्सरवाटे बाहेर पडते आणि उरलेली एक तृतीयांश इंजिनाच्या धातूत शिरते. हा तिसरा वाटा पाण्याने उचलून रेडिएटरपर्यंत न्यायचा आणि तिथे हवेच्या स्वाधीन करायचा, हे शीतन यंत्रणेचे काम आहे. म्हणजे गाडी तापण्याची शक्यता दोनच प्रकारची असते: उष्णता वाहून नेण्यात खोट आहे, किंवा इंजिनाच्या धातूत मुळात नेहमीपेक्षा जास्त उष्णता शिरत आहे. गॅरेजमध्ये विचार होतो तो जवळजवळ नेहमी पहिल्या बाजूचाच, आणि मीही दीड वर्ष तेवढाच करत होतो.

दुसरी गोष्ट म्हणजे गाडी कधी तापते याची नोंद. पद्मिनीचे इंजिन मूळच्या फियाट ११०० चे आहे: १०८९ सीसी, चार सिलिंडर, बिडाचा ब्लॉक आणि ॲल्युमिनिअमचे हेड. तिचा पंखा विजेवर चालत नाही. तो वॉटर पंपाबरोबर फॅन बेल्टने फिरतो. त्यामुळे इंजिन जितके हळू फिरेल तितका पंखाही हळू फिरतो. स्वारगेटच्या चौकात दहा मिनिटे अडकलेल्या पद्मिनीला समोरून वारा नसतो आणि पंखाही मंद असतो, म्हणून रेडिएटरमधून हवा नीट जात नसेल, बेल्ट सैल असेल किंवा पंख्याभोवतीचे आवरण नाहीसे झाले असेल, तर गाडी आधी तिथे तापते. विजेचा पंखा असलेल्या गाड्यांत याच लक्षणावरून पंख्याची मोटर, रिले आणि थर्मोस्विच तपासायचे असतात. याउलट गर्दीत थंड राहणारी आणि हमरस्त्यावर वेगात किंवा चढणीवर तापणारी गाडी हवेबद्दल तक्रार करत नसते. तिथे पाण्याचा प्रवाह कमी पडतो आहे, रेडिएटर आतून चोक झाला आहे, किंवा भार वाढल्यावर इंजिन प्रमाणाबाहेर उष्णता निर्माण करते आहे. आमची गाडी गर्दीत कधीही तापली नाही. सपाट रस्त्यावर ताशी ७० किलोमीटरच्या पुढे काटा थोडा वर सरकायचा आणि घाटात तो थेट चढायचा. हे एवढे जरी मी पहिल्या दिवशी कागदावर लिहिले असते, तरी फॅन बेल्टवर आणि पंख्याच्या पात्यांवर घालवलेले दोन रविवार वाचले असते.

काटा खरे बोलतो आहे की नाही, हेही सुरुवातीलाच पाहायला हवे. जुन्या गाड्यांत सेन्सरचे टोक क्षाराने माखलेले असते, वायरचे अर्थिंग कमकुवत झालेले असते, आणि काटा वीस-वीस अंशांनी चुकू शकतो. मी एक इन्फ्रारेड थर्मामीटर घेतला. तो वापरताना एक पथ्य पाळावे लागते: चकचकीत धातूवर तो प्रत्यक्षापेक्षा बरेच कमी तापमान दाखवतो, म्हणून थर्मोस्टॅटच्या घरावर काळ्या रंगाचा ठिपका द्यावा किंवा काळी टेप लावावी आणि मोजमाप तिथेच घ्यावे. आमच्या गाडीचा काटा सहा अंश जास्त दाखवत होता. म्हणजे भीती थोडी कमी झाली, पण घाटातले तापमान तरीही १०५ च्या पुढे जात होते, त्यामुळे दुखणे खरेच होते.

१०५ अंशांना पाणी उकळायला हवे, मग ते लगेच का उकळत नाही, याचे उत्तर रेडिएटरच्या झाकणात आहे. झाकणातली स्प्रिंग यंत्रणेत दाब धरून ठेवते, आणि दर एक पीएसआय (दाब मोजण्याचे एकक) दाबामागे पाण्याचा उत्कलनबिंदू सुमारे दीड अंशाने वाढतो. सात पीएसआयच्या झाकणाखाली पाणी साधारण ११० अंशांपर्यंत उकळत नाही. पुणे समुद्रसपाटीपासून सुमारे ५६० मीटर उंचीवर आहे आणि उघड्या भांड्यात इथे पाणी ९८ अंशांच्या आसपासच उकळते. त्यामुळे झाकणाचे रबर कडक झाले असेल, तर देशावरच्या घाटात त्याची किंमत कोकणातल्यापेक्षा थोडी अधिकच मोजावी लागते. नवे झाकण फार महाग नसते आणि ते बदलण्यात काही चूक नाही. मात्र मूळ झाकणापेक्षा जास्त दाबाचे झाकण बसवण्याचा सल्ला मी मानला नाही. चाळिशीकडे झुकलेल्या रेडिएटरच्या डागाच्या सांध्यांवर दुप्पट दाब टाकणे म्हणजे एका दुखण्यावर दुसरे दुखणे विकत घेणे होय.

इथेच एक सूचना, जी मी प्रत्येकाला पुन्हा पुन्हा सांगतो: तापलेल्या गाडीचे झाकण उघडू नका. दाब सुटताक्षणी आतले शंभर अंशांवरचे पाणी वाफ होऊन हातावर आणि तोंडावर येते. वरचा होज हाताने सहज दाबता येईपर्यंत थांबावे, जाड फडके टाकून झाकण पहिल्या खाचेपर्यंतच फिरवावे, आणि पाणी भरायचेच असेल तर इंजिन पुरेसे निवल्यावर थोडे थोडे भरावे. बिडाच्या तुलनेत ॲल्युमिनिअम जवळपास दुप्पट प्रसरण पावते. तापलेल्या हेडवर एकदम गार पाणी गेले तर ते वाकते, कधी तडकतेही.

रेडिएटरकडे मी पहिला संशय नेला, तो तर्काला धरून होता आणि अर्धा खराही निघाला. इंजिन गरम असताना रेडिएटरच्या जाळीवर इन्फ्रारेड थर्मामीटर रांगेने फिरवला, तेव्हा उजवीकडच्या खालच्या कोपऱ्यात तापमान शेजारच्या भागापेक्षा पंचवीस अंशांनी कमी आले. गार जागा म्हणजे तिथल्या नळ्यांतून गरम पाणी जातच नाही. नाना पेठेतल्या एका जुन्या रेडिएटरवाल्याकडे तो नेला. तांब्या-पितळेच्या रेडिएटरचे भाग्य हे की त्याच्यावर उपचार करता येतात: वरच्या टाकीचा डाग गॅसच्या ज्योतीने वितळवून टाकी उचलायची आणि प्रत्येक चपट्या नळीतून पोलादाची पातळ पट्टी वरून खालपर्यंत सारायची. याला रॉडिंग म्हणतात. आमच्या रेडिएटरच्या जवळजवळ एक चतुर्थांश नळ्या पूर्ण बंद होत्या आणि बाकीच्यांच्या आत पांढरट-तपकिरी थर चढला होता. हा थर म्हणजे आमच्या सोसायटीच्या बोअरच्या जड पाण्याने वर्षानुवर्षे आणून ठेवलेले क्षार आणि बिडाच्या ब्लॉकचा गंज. क्षाराचा थर तांब्याच्या तुलनेत शंभर पटींहून वाईट उष्णतावाहक असतो, त्यामुळे नळी उघडी असली तरी तिच्या भिंतीवरचा पातळ थरसुद्धा काम अडवतो. तेव्हापासून मी डिस्टिल्ड पाणी आणि गंजरोधक असलेला कूलंट यांखेरीज काहीही घालत नाही. कूलंट पाण्यापेक्षा उष्णता जास्त वाहतो असा एक समज आहे, तो बरोबर नाही. उष्णता वाहून नेण्यात साधे पाणीच सरस आहे. कूलंटचे खरे मोल गंज थांबवण्यात आणि उत्कलनबिंदू काही अंशांनी वाढवण्यात आहे, आणि जुन्या बिडाच्या इंजिनाला पहिल्या गुणाची गरज जास्त असते.

रेडिएटर काढलेलाच होता, म्हणून ब्लॉकच्या बाजूचा ड्रेन प्लगही उघडला. त्यातून काहीच आले नाही. जाड तार घालून बराच वेळ ढोसल्यावर आधी गाळ आला, मग लालसर चिखलासारखे पाणी आले. हा गाळ शेवटच्या सिलिंडरच्या मागे, जिथे प्रवाह सर्वांत मंद असतो, तिथे साचतो आणि काटा सामान्य दाखवत असतानाही तेवढ्या एका सिलिंडरला उपाशी ठेवतो. रेडिएटर साफ करून ब्लॉक तसाच सोडणे हे अर्धे काम आहे, आणि बहुतेक ठिकाणी तेवढेच होते. या स्वच्छतेनंतर घाटातले तापमान चार-पाच अंशांनी उतरले. मला वाटले, जिंकलो. पुढच्याच महिन्यात, ऊन वाढल्यावर, गाडी त्याच वळणाला पुन्हा उभी राहिली.

मग थर्मोस्टॅट. “साहेब, तो काढूनच टाकतो, कटकटच नको,” असे मला तीन वेगवेगळ्या गॅरेजमध्ये सांगण्यात आले, आणि सांगणाऱ्यांच्या मनात वाईट काही नव्हते. आपल्याकडच्या हवेत थर्मोस्टॅट लागत नाही, ही समजूत इतकी रुळली आहे की कित्येक जुन्या गाड्यांत त्याचे रिकामे घरच सापडते. माझे मत याच्या पूर्ण विरुद्ध आहे. थर्मोस्टॅट नसलेले इंजिन सकाळी लवकर तापमानाला येत नाही, पेट्रोल जास्त खाते आणि सिलिंडरची झीज वाढते. शिवाय ज्या इंजिनांत उघडलेला थर्मोस्टॅट बायपासची वाट बंद करतो, तिथे तो काढल्यावर पाण्याचा एक भाग रेडिएटरला वळसा घालून तसाच इंजिनात परत जातो आणि गाडी भारात उलट अधिक तापते. तपासणी अगदी सोपी आहे. थर्मोस्टॅट दोरीला बांधून पातेल्यातल्या पाण्यात लोंबकळत ठेवावा, तळाला टेकू देऊ नये, शेजारी थर्मामीटर धरावा आणि गॅस पेटवावा. साधारण ८० ते ८५ अंशांच्या दरम्यान झडप हलू लागली पाहिजे आणि पुढच्या दहा-बारा अंशांत ती पूर्ण उघडली पाहिजे. आमचा थर्मोस्टॅट उघडत होता, पण निम्माच. नवा मिळवायला आठवडा गेला, कारण पद्मिनीचे उत्पादन २००० च्या सुमारास थांबले आणि मुंबईच्या रस्त्यांवरची शेवटची पद्मिनी टॅक्सी २०२३ च्या ऑक्टोबरअखेर निवृत्त झाली. टॅक्सींच्या जिवावर टिकून असलेला सुट्या भागांचा बाजार आता आटत चालला आहे. नवा थर्मोस्टॅट बसवला. फरक पडला, पण घाटात नाही.

या टप्प्यावर हेड गॅस्केटचे, म्हणजे हेड आणि ब्लॉक यांच्यामधला सांधा बंद ठेवणाऱ्या पातळ पत्र्याचे, नाव निघाले. जुन्या गाडीच्या मालकाला या शब्दाची धास्ती असते, कारण हेड उतरवणे, त्याचा पृष्ठभाग सपाट करणे (फेसिंग), व्हॉल्व्ह पाहणे असा खर्च एकातून एक निघत जातो. गॅस्केट गेले असेल तर ज्वलनकक्षातला वायू पाण्यात घुसतो. त्याच्या खुणा निश्चित असतात आणि त्या सर्व घरच्या घरी पाहता येतात. थंड इंजिन झाकण उघडे ठेवून सुरू करावे आणि रेडिएटरच्या तोंडात पाहावे. सुरुवातीचे दोन-चार बुडबुडे सोडले तर पाणी शांत राहिले पाहिजे. झाकण लावून गाडी सुरू केल्यावर, इंजिन गरम होण्याच्या कितीतरी आधी, एखाद्या मिनिटातच वरचा होज दगडासारखा कडक झाला, तर ते वाईट लक्षण आहे. ऑइल भरण्याच्या झाकणाच्या आत दुधाळ चहासारखा लगदा दिसणे, एका प्लगचे टोक इतरांपेक्षा विलक्षण स्वच्छ धुतलेले असणे, गाडी गरम झाल्यावरही गोडसर वासाचा पांढरा धूर येत राहणे, कुठेही गळती नसताना पाणी रोज कमी होणे, ही पुढची लक्षणे. लगद्याबाबत थोडे जपून बोलायला हवे: पावसाळ्यात फक्त दूध-भाजीपुरती फिरणाऱ्या गाडीतही बाष्प साठून तसा लगदा दिसतो. आमच्या गाडीत यांपैकी एकही खूण नव्हती आणि चारही सिलिंडरचे कॉम्प्रेशन, म्हणजे आत तयार होणारा दाब, जवळजवळ सारखे होते. हेड उतरवायला मी नकार दिला. त्या वेळी माझ्याकडे दुसरे उत्तर नव्हते, तरी हा नकार योग्य होता असे मी आजही म्हणेन.

खालचा होज हा माझा पुढचा, आणि खरे सांगायचे तर लाडका, संशयित होता. रेडिएटरच्या तळापासून पंपाकडे जाणारा हा होज ओढीच्या बाजूला असतो. इंजिन वेगात फिरले की पंप त्यातून पाणी खेचतो आणि जुने, मऊ पडलेले रबर आत चिकटते. म्हणून काही होजमध्ये आत तारेची स्प्रिंग असते, आणि ती गंजून नाहीशी झाली असेल तर गाडी गॅरेजमध्ये उभी असताना निर्दोष वाटते आणि घाटात तापते. आमच्या तक्रारीशी हे वर्णन तंतोतंत जुळत होते. मी मुलीला ॲक्सिलरेटर दाबायला बसवले आणि होजवर नजर ठेवली. तो किंचित आत ओढला गेला, चिकटला मुळीच नाही. तरीही नवा बसवला, स्प्रिंगसह. वॉटर पंपाची पाती झिजली आहेत का हेही उघडून पाहिले. ती ठीक होती. गाडी तापतच राहिली.

अण्णा, म्हणजे माझे वडील, आता ब्याऐंशी वर्षांचे आहेत आणि ही गाडी त्यांनीच घेतलेली आहे. त्या दुसऱ्या उन्हाळ्यात ते माझ्या शेजारी बसले होते. घाटाच्या पहिल्या वळणाला मी दुसरा गिअर टाकला तेव्हा ते म्हणाले, “अरे, इथे दुसरा कशाला? ही इथपर्यंत तिसऱ्यावर यायची. आता ओढतच नाही ही.” मी त्यांना गाडीचे वय सांगितले आणि विषय संपवला. तीन आठवड्यांनी, रात्री जागा असताना, तेच वाक्य परत आठवले. गाडी तापते ही माझी तक्रार होती, गाडी ओढत नाही ही त्यांची, आणि मी या दोन वेगळ्या गोष्टी धरून चाललो होतो. पेट्रोलचे ॲव्हरेजही लिटरमागे तेरावरून अकरावर आले होते. पेट्रोल पूर्वीपेक्षा जास्त जळते आहे आणि चाकांपर्यंत काम कमी पोहोचते आहे, तर मधली ऊर्जा कुठे जाते? ती धातूत आणि सायलेन्सरमध्येच जाणार. हिशेबाची दुसरी बाजू मी पाहिलीच नव्हती.

दुसऱ्या दिवशी संध्याकाळी घाटासारखा भार देण्यासाठी कात्रजची चढण चढून आलो आणि उतरून एक्झॉस्ट मॅनिफोल्ड पाहिला. अंधारात त्याचा हेडजवळचा भाग मंद लाल दिसत होता. इंजिनातला वायू जळायला उशीर झाला की असे होते.

इथे टायमिंगबद्दल, म्हणजे प्लगची ठिणगी नेमकी केव्हा पडते त्याबद्दल, थोडे विस्ताराने लिहावे लागेल. पिस्टन वर पोहोचल्यावर ठिणगी पडून चालत नाही, कारण मिश्रण पेटून पूर्ण दाब तयार व्हायला मिलिसेकंदांत मोजावा असा वेळ लागतो. इंजिन मिनिटाला ८०० फेऱ्यांवर आयडल करत असताना, म्हणजे ॲक्सिलरेटर न दाबता फिरत असताना, एका मिलिसेकंदात क्रँक (पिस्टन फिरवतात तो मुख्य दांडा) पाच अंशांहूनही कमी फिरतो, पण ३००० फेऱ्यांवर तो तेवढ्याच वेळात १८ अंश फिरतो. म्हणून वेग वाढेल तशी ठिणगी अधिकाधिक आधी पडावी लागते. जुन्या गाड्यांत हे काम डिस्ट्रिब्युटरच्या (प्रत्येक प्लगला ठिणगी वाटून देणाऱ्या भागाच्या) आतली दोन छोटी वजने करतात: शाफ्ट वेगाने फिरू लागला की ती स्प्रिंगच्या ओढीविरुद्ध बाहेर फाकतात आणि पॉइंट (ज्याच्या उघडण्याने ठिणगी पडते तो संपर्क) उघडणारा कॅम पुढे ढकलतात. ही वजने अडकून बसली, तर आयडलला टायमिंग अचूक राहते आणि वेग वाढल्यावर ते वीस-वीस अंशांनी मागे पडते. मिश्रण उशिरा पेटते, पिस्टन खाली निघून जात असताना जळत राहते, एक्झॉस्ट व्हॉल्व्ह उघडतो तेव्हाही त्यात ज्वाला असते आणि ती हेडमधल्या एक्झॉस्ट पोर्टमधून जाते. त्या पोर्टच्या भोवती पाणीच असते, ते ती सारी उष्णता उचलते. ताकद कमी पडते म्हणून चालक ॲक्सिलरेटर आणखी दाबतो, पेट्रोल आणखी जाते आणि उष्णता आणखी वाढते.

एकाही गॅरेजला हे दिसले नाही याचे कारणही यातच आहे. टायमिंग सगळ्यांनी पाहिले होते, पण आयडलवर, आणि तिथे ते बरोबरच होते.

मी टायमिंग लाइट, म्हणजे प्रत्येक ठिणगीबरोबर लखलखणारा दिवा, मागून आणला. त्याची चिमटी पहिल्या प्लगच्या वायरला लावली, क्रँक पुलीवरच्या खुणेवर खडूने पांढरी रेघ ओढली आणि इंजिन सुरू केले. आयडलला रेघ जागेवर होती. मुलीने वेग वाढवला. रेघ तिथेच राहिली. ३००० फेऱ्यांवरही ती तसूभर हलली नाही, खरे तर ती तोपर्यंत कितीतरी सरकायला हवी होती. इंजिन बंद करून डिस्ट्रिब्युटरची टोपी काढली आणि रोटर (शाफ्टच्या टोकावरचा फिरता भाग) त्याच्या फिरण्याच्या दिशेने बोटांनी पिळून पाहिला. तो थोडा फिरून स्प्रिंगने परत यायला हवा होता. तो खिळ्याने ठोकल्यासारखा घट्ट होता. ही चाचणी करायला कोणतेही उपकरण लागत नाही, अर्धे मिनिटही लागत नाही, आणि मी ती दोन वर्षे केली नव्हती.

डिस्ट्रिब्युटर घेऊन मी एका वयस्कर ऑटो इलेक्ट्रिशियनकडे गेलो. त्यांनी पॉइंटखालची प्लेट काढून मला वजने दाखवली. जुन्या ग्रीसचा लाखेसारखा कडक थर झाला होता आणि एक वजन पिनवर गंजून बसले होते. “रोटरच्या खाली ही वात आहे ना, तिच्यावर दोन थेंब तेल कधी टाकलं?” त्यांनी विचारले. मी कधीच टाकले नव्हते. वर्षातून दोनदा टाकायचे असते हेही मला माहीत नव्हते. त्यांनी सगळे रॉकेलमध्ये भिजवून सोडवले, पिना घासल्या, दोन्ही स्प्रिंगांचा ताण तपासला, हलके तेल दिले आणि शाफ्टचा खेळ पाहून बुश अजून चालेल असे सांगितले. या कामाचे त्यांनी घेतलेले पैसे नव्या थर्मोस्टॅटपेक्षाही कमी होते.

घरी आल्यावर टायमिंग लाइट पुन्हा लावला. वेग वाढवताच पांढरी रेघ पुलीवर सरकत गेली आणि वेग कमी करताच परत आली. त्याच शनिवारी, मुद्दाम दुपारी एक वाजता, तेवढीच माणसे आणि तेवढेच सामान घेऊन आम्ही खंबाटकी चढलो. थर्मोस्टॅटच्या घरावर मोजलेले घाटमाथ्याचे तापमान आधीच्या फेरीत १०६ होते, ते ९२ आले. पहिल्या वळणाला तिसरा गिअर टिकला. अण्णांनी काही म्हटले नाही, फक्त गिअरच्या दांड्याकडे पाहिले. पुढच्या दोन टाक्यांचे ॲव्हरेज तेराच्या थोडे वर होते.

उष्णता वाढवणारी इतरही कारणे असतात, त्यांतली दोन मी या निमित्ताने तपासली. ब्रेक धरून राहिले तर इंजिन त्या घर्षणाविरुद्ध सतत ओढत असते. सपाट रस्त्यावर ब्रेक न लावता गाडी हळूहळू थांबू द्यावी आणि चारही ड्रमजवळ हात नेऊन पाहावा, एखादा इतरांपेक्षा चटका देणारा निघाला तर तिथला व्हील सिलिंडर बघावा. दुसरे कारण पातळ मिश्रण, म्हणजे हवेच्या मानाने पेट्रोल कमी असणे. अलीकडे प्रत्येक जुन्या गाडीच्या प्रत्येक दुखण्याचे खापर इथेनॉलवर फोडले जाते. २० टक्के इथेनॉलच्या पेट्रोलमध्ये वजनाने सुमारे सात टक्के प्राणवायू आधीच असतो, आणि कार्ब्युरेटरला स्वतःहून जुळवून घेता येत नसल्यामुळे मिश्रण त्या प्रमाणात पातळ होते, हे खरे आहे. जुन्या रबरी नळ्यांना आणि कार्ब्युरेटरच्या पॅकिंगला ते त्रासदायक आहे, हेही खरे. पण पातळ मिश्रणाची साक्ष प्लगच देतो: त्याचे पोर्सेलिन खडूसारखे पांढरे पडते. आमचे प्लग हलक्या तपकिरी रंगाचे होते, म्हणून मी कार्ब्युरेटरच्या जेटला (पेट्रोल सोडणाऱ्या बारीक छिद्राला) हात लावला नाही. प्लग न पाहता इंधनाला दोष देणे आणि पाण्याचे बुडबुडे न पाहता गॅस्केटला दोष देणे, या दोन्हींत मला फारसा फरक दिसत नाही.

रेडिएटरचे रॉडिंग आणि ब्लॉकचा गाळ काढणे वाया गेले असे मी मानत नाही. ते केले नसते तर नुसती वजने सोडवून घाटात ९२ अंश दिसले नसते, कदाचित ९७ दिसले असते. निम्मा उघडणारा थर्मोस्टॅटही बदलायलाच हवा होता. दोष एकावर एक साचले होते आणि त्यांतला सर्वांत मोठा सर्वांत शेवटी सापडला. आज क्रम ठरवायचा झाला तर मी आधी रोटर पिळून पाहीन, मग टायमिंग लाइट लावीन, प्लग काढून त्यांचे रंग पाहीन, आणि त्यानंतरच पान्याने कुठल्याही होजचा क्लॅम्प ढिला करीन.

एक गोष्ट अजून शिल्लक आहे. टायमिंग पुन्हा पुढे जाऊ लागल्यापासून घाटात, तिसऱ्या गिअरवर भार पडला की, इंजिन अधूनमधून बारीक ठोका देते. पिस्टनवर आणि हेडमध्ये कार्बन साचला असावा, इतकी वर्षे उशिरा जळणाऱ्या मिश्रणाने तो साचवला असणे शक्य आहे. सध्या टायमिंग दोन अंश मागे घेऊन ठेवले आहे आणि अशा ठोक्याच्या वेळी मी दुसरा गिअर टाकतो. दिवाळीनंतर हेड उतरवून डीकार्बनायझिंग करायचे ठरवले आहे, आणि गॅस्केट तेव्हा नवे पडेलच.